बाटलीनंतरचा पहिला घोट

माझ्या पाळणाघरात पहिल्यांदा येणारी आई एक गोष्ट हमखास करायची. पिशवीतून कपडे काढायची, दुपटी काढायची, खिमटीचा डबा काढायची. दुधाची बाटली मात्र तळाशी टॉवेलात गुंडाळून तशीच ठेवायची. मी विचारायचे, "आणि बाटली?" मग ती ओशाळायची. "तुमी बाटलीवरून लई बोलता म्हणे, काकू."

बोलायचे मी, खोटं कशाला सांगू. बीडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि एक ओसरी एवढ्या जागेत बावीस वर्षं मी लोकांची लेकरं सांभाळली. सुरुवात झाली ती शेजारच्या बाईंमुळे. त्या नेकनूरच्या शाळेत शिकवायला रोज एसटीनं जायच्या आणि त्यांची मुलगी माझ्याकडे ठेवायच्या. एकीची चार झाली, चारांची बारा. रडणारी, चावणारी, माती खाणारी, सगळ्या तऱ्हेची लेकरं पाहिली. पण नाव झालं ते एकाच कामासाठी. "बाटली सुटत नाही? काकूंकडं नेऊन टाका." काही जण तर पाळणाघर नको, फक्त तेवढं काम करून द्या म्हणून यायचे, जणू मी सायकलचं पंक्चर काढून देत होते.

हे काम म्हणजे काय, ते ज्यांच्या वाट्याला आलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वर्षाच्या आसपास लेकराला बाटलीतून ओढून प्यायचं सोडून पेल्यातून घोट घ्यायला शिकवायचं. वरवर सोपं वाटतं. पण बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या लेकराचे पुढचे दात किडतात. दिवसभर दुधानंच पोट भरलं की वरण-भाकरीकडं ते बघत नाही, आणि दिसायला गुटगुटीत असलं तरी अंगात रक्त कमी होतं. म्हणून बाटली सोडवायची. मधला टप्पा म्हणून तोटीचा कप असतो. दुकानात त्याला सिपर म्हणतात. दोन कान, वर झाकण, झाकणाला तोटी. जुन्या घरांतून तान्ह्या बाळाला दूध-औषध पाजायचं चांदीचं बोंडलं असायचं, त्याचंच हे प्लॅस्टिकचं रूप. नवा कप आला की मी आधी झाकणाच्या आतली रबरी चकती काढून ठेवायचे. चकती असली की कप उलटा झाला तरी सांडत नाही, आयांना बरं वाटतं. पण मग लेकराला ओढूनच प्यावं लागतं, म्हणजे ती पुन्हा बाटलीच झाली. सांडलं तर सांडू द्यायचं. मी फरशी पुसायचं फडकं शेजारी घेऊनच बसायचे.

पहिले काही दिवस कपात नुसतं पाणी. मग दुपारची बाटली बंद करून तिथं कप. मग सकाळची. झोपतानाची बाटली सगळ्यात शेवटी, कारण ती पोटासाठी नसतेच.

हे शहाणपण मला फुकटात मिळालं नाही. अगदी सुरुवातीला एका वकिलांचा मुलगा माझ्याकडे होता, आदित्य. दीड वर्षाचा. मी एका सकाळी त्याच्या देखत त्याची बाटली उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. रडेल दोन दिवस, मग झक मारत पिईल, असं मला वाटलं. तो चार दिवस दुधाला शिवला नाही. पाणीसुद्धा जेमतेम घ्यायचा. पाचव्या दिवशी ताप चढला आणि दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. पोरगा बरा झाला, पण त्यानंतर मला पाहिलं की आईच्या खांद्यात तोंड खुपसायचा. त्यांनी त्याला माझ्याकडून काढून घेतलं, आणि बरोबरच केलं. आज तो मोठा बाप्या झाला असेल. त्याला काही आठवत नसणार. मला आठवतं.

नंतर मी सबुरीनं घ्यायला शिकले, आणि मग कामात गंमतही यायला लागली. एक पैलवान होते, तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचे. त्यांचा मुलगा दिवसभर माझ्याकडे कपातून झकास प्यायचा आणि दुसऱ्या दिवशी येताना पुन्हा बाटलीसाठी गळा काढायचा. मला काही कळेना. एकदा त्याची टोपी राहिली म्हणून मी मागे धावले, तर गल्लीच्या टोकाला पैलवान गाडी थांबवून डिक्कीतून बाटली काढत होते. मला बघून एवढा धिप्पाड माणूस चोरी पकडल्यासारखा गडबडला.

"काकू, काय सांगू तुमाला... त्याचं रडनं मला ऐकवत न्हाई बगा."

त्या घरात बाटली मुलाची नव्हे, बापाची सोडवायची होती. पंधरा दिवस लागले.

असल्या हकिकती सांगून मी पुष्कळ मिरवले. त्यामुळे मुश्ताक आणि नसीम हे जोडपं सनाला घेऊन माझ्या ओसरीवर आलं, तेव्हा मी ऐटीतच होते.

मुश्ताकचा मंडईजवळ फळांचा गाडा. तो बोलका, नसीम गप्प. सना तेरा महिन्यांची, मोठ्या डोळ्यांची, आणि वरच्या ओठावर शिवणीची बारीक रेघ. जन्मताच तिचा ओठ दुभंगलेला होता आणि टाळूला फट होती. ओठ आधीच शिवून झाला होता. टाळूचं ऑपरेशन बाकी होतं. टाळू उघडी असली की तोंडातलं नाकात येतं, लेकराला ओढून पिता येत नाही, आणि पुढं बोलायची वेळ आली की निम्मी अक्षरं नाकातून निसटून जातात.

"काकू, तारीख दिलती," मुश्ताक म्हणाला. "मोठ्या शहराच्या दवाखान्यात गेलतो आमी. तिथं सिस्टरनं पेल्यानं पाजून बगितलं. हिनं एक थेंब घेतला न्हाई. डॉक्टर म्हनले, आदी पेल्यानं प्यायला शिकवा, मगच ऑपरेशन."

त्यानं मला कागद दाखवला. ऑपरेशननंतर काही आठवडे तोंडात बाटली नको, चमचा नको, नळी नको, तोटीसुद्धा नको. आत काही टोचलं तर टाके उसवतात. फक्त उघडा पेला. नवीन तारखेला पाच आठवडे होते.

"पाच आठवडे म्हणजे पुष्कळ झाले," मी म्हणाले. "बाटली दाखवा."

नसीमनं पिशवीतून बाटली काढली. तिनं ती लपवलेली नव्हती. अशी बाटली मी कधी पाहिली नव्हती. अंग मऊ, निप्पल लांब. दाबली की दूध येतं, लेकराला ओढावं लागत नाही.

सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "ही आजपासून हळूहळू बंद करायची. फार वाईट सवय असते."

नसीम पहिल्यांदाच बोलली. "काकू, हिला वाईट म्हनू नका. जलमली तवा हिला दूध वडता येत न्हवतं. कापसाच्या बोळ्यानं पाजलं, तरी नाकातून बाहेर. सुकून चालली होती. मग ही बाटली मिळाली. एकेक थेंब दाबून मी एकेक तास पाजलंय. ह्या बाटलीनं वाचवली माझी लेक."

एवढ्या वर्षांत बाटलीच्या बाजूनं माझ्यासमोर कुणी असं बोललं नव्हतं.

माझा नियम असा होता की आयांनी दारातून परत फिरायचं. आई समोर असली की लेकरू शिकत नाही. तो नियम मी नसीमलाही सांगितला. ती लेकीला माझ्याकडे ठेवून गेली. आणि तोटी नको असं कागदावर लिहिलेलं असताना मी माझा नेहमीचा तोटीचा कपच काढला. म्हटलं, आधी यानं शिकू दे, मग झाकण काढून टाकू. बाकीच्यांना असंच शिकवलं होतं ना.

चकती काढलेली, कप अर्धा भरलेला, सना माझ्या मांडीवर टेकून. मी तोटी तिच्या ओठाला लावली आणि कप तिरका केला. दूध एकदम आत गेलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग ते नाकातून आलं, तिला ठसका लागला, आणि ठसक्यातून श्वासच निघेना. चेहरा लाल झाला, डोळे पांढरे व्हायला लागले. मी तिला हातावर पालथी घेतली, पाठीवर थोपटलं. किती वेळ गेला असेल? फार थोडा. पण ती मोठ्यानं रडली तेव्हा मी तिला छातीशी धरून तशीच सांडलेल्या दुधात बसून राहिले. मला आदित्य आठवला.

नसीम न्यायला आली तेव्हा हे तिला सांगू नये, असं एकदा मनात आलं. लेकरू बरं होतं, हसत होतं. पण मी सगळं सांगितलं. ती ओरडेल, लेकीला उचलून निघून जाईल, अशी मी वाट बघत होते.

तिनं सनाचं नाक ओढणीनं पुसलं. "येतं काकू नाकातून. रोजचंच हाय. तुमी आडवी धरली आसंल. तिला सरळ बसवावं लागतं, खांबावानी. आन् श्वास घ्यायला थांबावं लागतं. ती डोळे मिटती, मग उघडती. उघडल्याबिगर दुसरा थेंब द्यायचा न्हाई."

डोळ्यांचं हे मला कोण सांगणार होतं? तेरा महिने एकेक थेंब पाजणाऱ्या बाईलाच ते ठाऊक. मी तिला म्हणाले, "उद्यापासून तू पण बस. मला दाखव."

दुसऱ्या दिवसापासून नसीम सकाळी दोन तास ओसरीवर बसायला लागली. बाकीच्या आयांनी भुवया उंचावल्या. त्यांना मी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. आम्ही तोटीचा कप फडताळात ठेवून दिला. दुधाऐवजी दही घुसळून दाटसर ताक केलं. पातळ दूध धावतं; दाट असलं की सावकाश सरकतं, लेकराला सावरायला वेळ मिळतो. सनाला नसीमच्या मांडीवर ताठ बसवायचं, स्टीलच्या वाटीची कड खालच्या ओठावर टेकवायची आणि थांबायचं. ओतायचं नाही. तिनं जीभ पुढं काढून चाखलं तर ठीक, नाहीतर वाटी खाली.

आठ दिवस ती वाटीची कड चावायची आणि हातानं उडवून द्यायची. ताक माझ्या लुगड्यावर, नसीमच्या ओढणीवर, भिंतीवर. जे पोटात जायचं ते अजून बाटलीनंच जात होतं. मी वरून धीराची होते. आतून मात्र रोज कॅलेंडर बघत होते.

नवव्या दिवशी त्या दोघींना न्यायला मुश्ताक आला. पहाटेपासून गाड्यावर उभा राहून थकलेला होता. मी चहा दिला. त्यानं चहा बशीत ओतला, बशी दोन्ही हातांनी तोंडापाशी नेली आणि फुर्र करून मोठा घोट घेतला. नसीमच्या मांडीवरची सना खदाखदा हसली. त्यानं मुद्दाम आणखी मोठ्यानं फुर्र केलं. ती पुढं झेपावली, तोंड उघडून, दोन्ही हात बशीकडं.

"नको गं, चहा हाय," नसीम म्हणाली.

मी आत पळाले. दुसरी बशी काढली, तिच्यात कोमट दूध ओतलं, चमचाभर केळं कुस्करून, गाळून घातलं आणि मुश्ताकच्या हातात दिली. "तू पाज. तू पितोस तशीच धर."

त्यानं आपली बशी एका हातात आणि तिची दुसऱ्या हातात धरली. एकदा त्यानं फुर्र केलं. मग सनानं बशीच्या कडेला ओठ लावले. बशी पसरट, त्यामुळं दूध लोंढ्यानं येत नव्हतं, नुसतं कडेपर्यंत येऊन थांबत होतं. तिनं डोळे मिटले. गळ्याशी हालचाल झाली. डोळे उघडले. नाकातून थोडंसं आलं, ठसका नाही. तिनं पुन्हा तोंड पुढं केलं.

"प्याली," नसीम पुटपुटली. मग मोठ्यानं म्हणाली, "प्याली वो काकू!"

मुश्ताकचा चहा तसाच निवून गेला.

बशीवरून वाटी, वाटीवरून छोटा पेला, हे पुढच्या दोन आठवड्यांत झालं. ताक रोज थोडं पातळ करत नेलं. पण नंतर गाडी अडली. माझ्याकडे सना चार घोट घ्यायची आणि मान फिरवायची, जणू तिला पुढच्या कशाची तरी खात्री होती. पैलवानांच्या अनुभवावरून मला अंदाज आला. मी नसीमला बाजूला घेऊन सरळ विचारलं.

ती आधी नाही म्हणाली. मग ओढणीनं डोळे पुसायला लागली. "झोपताना देते काकू. एकच. दिवसा ती कोनाकडं बी बगती. बाटली घेताना फकस्त माझ्याकडं बगती. ती येळ माझी हाय. ती पन गेली तर माझं काय ऱ्हातंय?"

अशा वेळी पूर्वीची मी असते तर तिला झाडलं असतं. आता मी तिच्या जवळ बसले. म्हणाले, "ती वेळ कुणी घेत नाही तुझी. तीच मांडी, तीच जागा, तीच कूस. फक्त हातात बाटलीच्या जागी पेला घे. ती तुझ्याकडे बघते ते बाटलीमुळे नाही गं."

"तुमाला काय म्हाईत?"

"मला नाही माहीत. तूच बघ."

खरंच माहीत नव्हतं. तीन दिवस नसीम सुजलेल्या डोळ्यांनी येत होती आणि मी काही विचारत नव्हते. चौथ्या दिवशी आल्या आल्या म्हणाली, "बगितलं काकू. पेल्याच्या वरून बगितलं तिनं माझ्याकडं." एवढंच बोलून सनाला तिनं माझ्या हातात दिलं आणि ओढणी सारखी करत बसली.

तारखेला ते दोघं सनाला घेऊन शहरात गेले. तिथल्या सिस्टरनं पेला पुढं केला, सना प्याली, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी माझ्याकडे अकरा लेकरं होती आणि मी प्रत्येकाला दोन-दोनदा जेवायला विचारलं, असं मदतीला असणारी सुमन नंतर म्हणाली. दुपारी मुश्ताकचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं.

दुसऱ्या दिवशीचा फोन मात्र वेगळा होता. "काकू, तोंड उघडंना झाली. हाताला पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांदल्यात, तोंडात हात जाऊ नये म्हनून. नुसती रडती. पेला दिसला की मान फिरवती. डॉक्टर म्हनले, संद्याकाळपर्यंत प्याली तर सलाईन काढू, न्हाईतर वाढवू."

मी इथं बसून काय करणार? नसीमला फोन द्यायला सांगितलं.

"काकू, घसा दुखत आसंल ना तिचा? जबरदस्ती करू का?"

"नको," मी म्हणाले. "मला विचारू नको, नसीम. तिचे डोळे बघ. तुला कळतं ते मला कळत नाही."

फोन बंद झाला. पाच वाजले, आया आल्या, लेकरं गेली, सुमननं ओसरी झाडून काढली. मी देवापुढं बसले नाही, कारण फोन आतल्या खोलीत नीट लागत नाही. ओसरीच्या पायरीवरच बसून राहिले.

दिवेलागणीला फोन वाजला. नसीमच होती. मागून लेकराचा कुरकुरण्याचा आवाज येत होता.

"अर्दा पेला," ती म्हणाली. "थांबत थांबत. अर्दा पेला पानी प्याली. नाकातून एक थेंब आला न्हाई, काकू. एक बी न्हाई."

तेरा-चौदा महिने जे दर घोटाला नाकातून येत होतं, ते आलं नाही. मी पायरीवर बसल्या जागी रडले. समोरचा किराणावाला दुकानातून उठून विचारायला आला.

त्यानंतर सना माझ्याकडे फारशी आली नाही. तिला पाळणाघराची गरज नव्हती. त्यांची खबर मंडईत मिळायची. टाळू शिवली तरी बोलणं आपोआप येत नाही, हे मला मुश्ताककडूनच कळलं. शहराच्या दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी तिला सरावाला शब्द दिले होते, ओठ मिटून तोंडातून हवा सोडायचे. मुश्ताक गाड्यामागं स्टुलावर तिला बसवायचा, द्राक्षांवरच्या कागदाची पट्टी तिच्या तोंडासमोर धरायचा आणि बोलायला लावायचा. तोंडातून हवा आली तर कागद हलतो, नाकातून गेली तर हलत नाही. पुष्कळ दिवस कागद हलत नव्हता. "पाणी" म्हणताना "मानी" यायचं. मुश्ताक गिऱ्हाईक थांबवून पुन्हा पट्टी धरायचा.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि मी पाळणाघर बंद केलं. आयांनी मिळून छोटासा कार्यक्रम केला, साडी दिली, माझ्याबद्दल खूप काही बोलल्या. काकूंना लेकरांचं सगळं कळतं, असंही एक जण म्हणाली. मला नसीमची ती ओसरीवरची दोन-दोन तासांची बैठक आठवली आणि मी मान खाली घातली. नम्रपणा म्हणून नाही. बावीस वर्षं मी आयांना दारातून परत पाठवत होते. त्यांच्यापैकी कितीजणींना काय काय ठाऊक होतं आणि मी विचारलंच नाही, ही रुखरुख आहे.

परवा मंडईत गेले होते. गर्दी होती, मुश्ताक कुणाला तरी मोसंबी तोलून देत होता, नसीम पिशव्या भरत होती. गाड्याच्या एका टोकाला, उलट्या टाकलेल्या क्रेटवर, आता तीन वर्षांची झालेली सना उभी होती. मला तिनं ओळखलं नाही, आणि ओळखावं तरी का. मी तिच्यापुढं थांबले तेव्हा तिनं दोन्ही हातांनी एक पपई उचलून माझ्यासमोर धरली.

"पपई घ्या," ती म्हणाली. खणखणीत. मग मी हात पुढं करत नाही असं पाहून, जरा चिडून, "पपई! पपई घ्या की!"

एवढ्या जवळून की दोन्ही 'प'चा वारा माझ्या हाताला लागला.

मला पपई आवडत नाही. त्या दिवशी दोन घेतल्या.